माडावरून न पडलेला माणूस

"बूट काढा," मी म्हटलं.

"पाठ दुखते माझी," टेबलावर बसलेला माणूस म्हणाला. "बूट कशाला?"

"माडावरून पडलात ना? मग टाचांचेही फोटो काढावे लागतील."

"डॉक्टरांनी चिठ्ठीवर फक्त पाठ लिहिली आहे."

"डॉक्टरांना मी सांगते. तुम्ही बूट काढा."

हा माझा त्या काळातला आवाज. साल ब्याऐंशी, महिना मे, गाव मालवण. प्रभुदेसाई डॉक्टरांच्या आठ खाटांच्या हॉस्पिटलात मी एक्स-रे टेक्निशियन होते. वय चोवीस. मिरजेला कोर्स करून आले होते आणि अख्ख्या किनाऱ्यावर माणसाच्या आत बघू शकणारी आपण एकटीच, असा माझा पक्का समज होता. बाजारात समोरून कोणी लंगडत आला की मी त्याच्या कुठल्या हाडाला काय झालंय ते मनातल्या मनात ठरवून टाकायची. बहुतेक वेळा चुकायचं. पण त्याला थोडंच विचारायला जायचं होतं!

त्या माणसाच्या चिठ्ठीवर नाव होतं बाबू परब. धंदा शेती, राहणार मिठबाव, माडावरून पडल्याने कंबरदुखी, डाव्या पायाला मुंग्या.

आता ही माडाची गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्याकडे माडावर चढणारी माणसं खूप, त्यामुळे पडणारीही खूप. पडणारा बहुतेक वेळा पायांवर येतो. आधी टाचेचं हाड फुटतं. मग तो दणका पायांतून वर चढतो आणि कमरेच्या वरच्या मणक्यांना जाऊन बसतो. म्हणून टाच आणि कंबर यांची जोडी. एक मोडलेली दिसली की दुसरी बघायची. हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं, आणि मालवणात त्याचा रोज पडताळा येत होता. पाठीचा फोटो म्हटलं की मी सवयीने टाचाही काढायची, आणि निम्म्या वेळा डॉक्टरांना माहीत नसलेली मोड त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवायची. डॉक्टर "वा!" म्हणायचे. त्या "वा!"साठी मी काहीही केलं असतं.

तर परबांनी बूट काढायला घेतले. काळे बूट, तोंड दिसेल असं पॉलिश. मे महिन्यात, मिठबावच्या शेतकऱ्याच्या पायात! नाड्यांना दुहेरी गाठ, आणि तीही अशी आवळलेली की त्यांची त्यांनाच नखांनी सोडवावी लागली. मोजा उतरवला तेव्हा पावलावर, घोट्याच्या जरा पुढे, आडवा लालसर वळ होता. दोरीने बांधल्यासारखा.

तो वळ मला दिसला. अगदी स्वच्छ दिसला. मी पाठीचा फोटो झटपट उरकला, मग त्या पावलाच्या बाजूला फिल्मची पेटी ठेवली आणि टाचेकडे वळले.

त्या वेळी फोटो काढणं म्हणजे आजच्यासारखं नव्हतं, बटण दाबलं आणि पडद्यावर चित्र. पत्र्याच्या चपट्या पेटीत फिल्म भरायची. ती शरीराखाली ठेवायची. वरून मशीनचा डोळा नेमका त्या जागेवर आणायचा, "श्वास रोखा" म्हणायचं आणि बटण दाबायचं. मग पेटी घेऊन काळोख्या खोलीत शिरायचं. लाल बल्बच्या उजेडात फिल्म आधी एका औषधात बुडवायची, मग पाण्यात, मग दुसऱ्या औषधात, परत पाण्यात. शेवटी चिमट्याने तारेवर वाळत टाकायची. तारेवर लटकणाऱ्या त्या लांबट ओल्या फिल्म बघून सिस्टर म्हणायची, "काय गो, आज बोंबील बरे गावले!"

परबांचे बोंबील तारेवर गेले. मी बल्ब लावून बघितलं.

पाठीचा मणका बाजूने बघितला की खोबऱ्याच्या वडीसारखा चौकोनी दिसायला हवा. वड्यांची चळत, एकावर एक. या चळतीतल्या दोन वड्या पुढच्या बाजूने दबलेल्या होत्या. म्हणजे मोड खरी. मोठ्या आशेने मी टाचांकडे बघितलं. दोन्ही टाचा ठणठणीत. ओरखडा नाही.

मी बाहेर आले. "परब, तुम्ही माडावरून पडला नाहीत."

"नाही?"

"नाही. टाच शाबूत आहे."

ते गालात हसल्यासारखे वाटले. "मग कशावरून पडलो?"

"ते तुम्ही सांगायचं."

"सांगितलं तर डॉक्टरांना सांगेन," ते म्हणाले आणि खांदे सरळ करून बाकावर बसले. बसण्याची ती तऱ्हा शेतकऱ्याची नव्हती. मराठीही ऑफिसातली. नाव खोटं, पडणं खोटं, बूट चकाचक. त्या दिवसांत आमच्या किनाऱ्यावर सोन्याची बिस्किटं आणि घड्याळं होडीतून उतरतात, अशा गोष्टी चहाच्या दुकानात रोज निघायच्या. मी दोन अधिक दोन केले आणि उत्तर बावीस आलं.

डॉक्टर आपल्या खोलीत चहा पीत होते.

"सर, एमएलसी करायला हवी." एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवावी लागते अशी केस. मारामारी, अपघात, विषप्रयोग वगैरे.

"कोणाची गो?"

"त्या परबांची. सर, तो स्मगलर आहे."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "कशावरून?"

"टाचेवरून."

मग मी टाच, बूट, खांदे, मराठी सगळं एका दमात सांगितलं. गस्तीचा उजेड पडल्यावर त्याने होडीवरून कशी उडी मारली असेल तेही सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा लाल होत गेला. मला वाटलं रागाने. मग ते दाराकडे मान वळवून ओरडले, "सुधीर! आत ये रे. तुका पकडल्यानी!"

"परत?" बाहेरून आवाज आला.

तो माणूस आत आला. डॉक्टरांनी ओळख करून दिली. विंग कमांडर सुधीर लोके, हवाई दल. सावंतवाडीच्या शाळेत डॉक्टरांच्या बाकावर बसणारे. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचं विमान सीमेपलीकडे पडलं. ते वर्षभर तिकडे कैदेत होते.

मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. पण लोके खुर्चीच्या काठावर टेकले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "चेडवान बरोबर ओळखल्यान रे! तिकडे तीन अधिकारी महिनाभर मला प्रश्न विचारत होते. त्यांना माझ्याबद्दल एवढं कळलं नाही."

मग त्यांनीच मला समजावून सांगितलं. लढाऊ विमान पडायला लागलं की वैमानिक एक दांडी ओढतो. खुर्चीखाली स्फोटक असतं. ते उडतं आणि खुर्ची माणसासकट वर फेकली जाते. पुढे हवाई छत्री. "खालून बसलेली लाथ ती. मणक्यावर मणका आदळतो. टाचा हवेत असतात, त्यांना काय होणार? उतरलो तेही नांगरलेल्या मऊ शेतात."

"आणि खोटं नाव?" मी विचारलं. लाज वाटत होती, पण भोचकपणा कमी झाला नव्हता.

"तीच तर मजा आहे," ते म्हणाले. "शत्रूच्या तावडीत सापडलो तेव्हा पहिल्या मिनिटाला खरं नाव सांगितलं. नियमच आहे तो. नाव, हुद्दा, नंबर. खोटं नाव सांगायची पाळी मालवणात आली. इथे लोके म्हणून पाठ दाखवली असती तर दुपारच्या एस.टी.ने बातमी मिठबावात. आणि आयेक कळला काय मी मेलंय."

त्यांची आई, आये, म्हणजे मिठबावची लोकेकाकू. मुलगा बेपत्ता असल्याची तार आली, त्यानंतर तो कैदेत जिवंत आहे हे कळेपर्यंतचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. मुलगा परत आला तेव्हापासून तिचं एकच मागणं होतं, विमान सोड. आणि लोके एकच सांगत आले होते, पाठ बरी झाली, हवाई दलाच्या मेडिकल बोर्डाने फिट ठरवलं, काळजी नको.

पण गेल्या दोन महिन्यांपासून डाव्या पायाला मुंग्या येत होत्या. पुढच्या महिन्यात त्यांची वार्षिक मेडिकल. जुनी मोड आणखी खचली असेल आणि नस दाबत असेल, तर परत त्या खुर्चीत बसणं धोक्याचं. दुसऱ्यांदा लाथ बसली तर दोन्ही पाय कायमचे जायचे. "लपवून मी उडणार नाही," ते म्हणाले. "पण काय ते बोर्डाआधी माझं मला कळायला हवं. मग मी आपणहून सांगेन."

कैदेतून परत आल्यावर काढलेला जुना फोटो त्यांनी पिशवीतून आणला होता. हॉस्पिटलातून ढापलेला, असं ते स्वतःच म्हणाले. डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी उजेडाच्या पेटीवर लावले आणि पट्टीने मोजायला घेतलं. मोजता मोजता त्या दोघांच्या गप्पा चालल्या होत्या, आणि मी कान टवकारून उभी होते.

लोके सांगत होते, कोठडीत दर सकाळी ते गाऱ्हाणं घालायचे. आमच्याकडे देवासमोर काही मागायचं तर गावाचा मानकरी ते मोठ्याने बोलतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणतात. कोठडीत यांच्याबरोबर एक पंजाबी आणि एक तमिळ वैमानिक होता. दोघांना यांनी शिकवून ठेवलं होतं. "बा देवा म्हाराजा, आज तरी डाळीत डाळ असांदे!" की दोघं खणखणीत आवाजात, "व्हय म्हाराजा!" पहारेकऱ्याला वाटायचं हिंदुस्थानी सैन्यातली हजेरी अशीच घेतात.

आम्ही हसत होतो. हसता हसता डॉक्टरांचं लक्ष पट्टीवर खिळलं. त्यांनी परत मोजलं.

"सुधीर, जुन्यात पुढची बाजू सहा मिलिमीटर दबली आहे. नव्यात दहा."

लोके उठून पेटीजवळ गेले. दबलेल्या मणक्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे झालं."

"बोर्ड काढील की त्यांचे फोटो. ते ठरवू देत."

"ते ठरवतील तोवर माझ्या हाताखालची पोरं मी काय करतो ते बघत असतील. सोमवारच्या टपालाने पत्र टाकतो. फ्लाइंग सोडतो म्हणून कळवतो."

"आपणहून सोडलेला परत मिळात?"

"नाय."

त्यांनी बूट चढवले, नाड्या आवळल्या, मला "थँक यू" म्हटलं आणि निघाले. तो शनिवार होता. मी त्या दिवशी काय केलं असेल? सिस्टरला सांगितलं, "बघ, मी टाच काढली म्हणून सगळं उघडकीला आलं!" चोवीस वर्षांची होते म्हणून सोडून द्या.

रविवारी सकाळी मी फिल्म पाकिटात भरायला हॉस्पिटलात गेले. लोक्यांच्या फिल्मशेजारी एका बाईची पाठ वाळत होती. खाऱ्या मासळीच्या टोपल्या उचलून कंबर धरलेली. सहज दोन्ही उजेडावर धरल्या, आणि मग परत परत धरून बघितल्या.

कंदिलासमोर बांगडी आडवी, कडेच्या बाजूने धरली तर भिंतीवर सावलीची एकच रेघ उमटते. जरा तिरकी धरली की सावली लंबगोल होते, दोन रेघा दिसतात. मणक्याचंही तसंच. त्या बाईच्या फोटोत प्रत्येक मणक्याची कडा एकच रेघ. लोक्यांच्या फोटोत वरच्या सगळ्या मणक्यांना दोन दोन रेघा. मोडलेल्यांना तर होत्याच, पण धडधाकट होते त्यांनाही. म्हणजे मणका जास्त खचला नव्हता. फोटोच तिरका आला होता.

कुशीवर झोपलेल्या माणसाची कंबर टेबलाकडे झोळीसारखी खाली जाते. म्हणून कमरेखाली उशी द्यायची, कणा सरळ करायचा, आणि मशीनचा डोळा मोडलेल्या जागेवर आणायचा. हे पहिल्या महिन्यात शिकवतात. मी उशी दिलीच नव्हती. डोळाही चार बोटं खाली लावला होता. कारण मला घाई होती. टाचांवर जायचं होतं.

टाचांचे फोटो मात्र इतके सुंदर आले होते की पुस्तकात छापावेत.

डॉक्टर घरी बागेत माडांना पाणी घालत होते. मी फाटकातूनच सांगून टाकलं. ते पाइप हातात धरून ऐकत राहिले. पाणी त्यांच्या पायावर पडत होतं.

"मीही बघायला हवं होतं," ते म्हणाले. "मोजण्याच्या नादात कडा बघितल्याच नाहीत."

"सर, तुम्ही जाऊन सांगाल?"

"फोटो कोणी काढला?"

"मी."

"मग?"

दोन एस.टी. बदलून मी मिठबावला पोचले तेव्हा अकरा वाजत आले होते. लोक्यांचं घर विचारलं तर एक बाई म्हणाली, "घरात कोण नाय. सगळी देवळात गेली हत. काकूचा गाऱ्हाणा आसा. झिलान काल रात्री सांगल्यान, विमान सोडतंय म्हणान."

देवळात पन्नासेक माणसं. पुढे लोके हात जोडून उभे. बाजूला एक ठेंगणी म्हातारी, हिरवं लुगडं, चेहऱ्यावर असा आनंद की घरात लग्न असावं. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं होतं.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराक एकदा आभाळातसून खाली टाकलंस, वरीसभर परक्याच्या कोठडीत ठेवलंस, आणि जसोच्या तसो आवशीच्या पदरात आणून घातलंस!"

"व्हय म्हाराजा!"

"आता तेच्या कण्याची जी काय मोडतोड झाली आसा, ती तशीच ऱ्हवांदे, पण तेका दुखाक देव नको!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि हेच्या फुडे तेची पावला जमनीवरच ऱ्हवांदेत!"

"व्हय म्हाराजा!"

आता ही सवय कशी असते बघा. लहानपणापासून अंगात मुरलेली. समोरून ते वाक्य आलं की तोंड आपोआप उघडतं. पन्नास माणसांत माझाही आवाज होता. त्या माणसाला उडता येईल हे सांगायला मी दोन एस.टी. बदलून आले होते, आणि त्याने कधी उडू नये म्हणून देवाला खणखणीत हाळी देऊन मोकळी झाले. एवढंच समाधान की लोकेही ओरडले होते. वर्षभर कोठडीत घोकलेलं, त्यांचंही तोंड आपोआप उघडलं असणार.

त्यांनी मला बघितलं, चकित झाले. "तू खय हय?"

"पत्र टाकू नका," मी म्हटलं. "तुमचा कणा तसाच आहे. वाकडा आहे तो माझा फोटो."

देवळातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उशी, कंदील, बांगडी सगळं सांगत गेले, आणि फोटो परत काढू म्हटलं. बोलताना आवाज इतका बारीक झाला की मानकरी म्हणाले, "चेडवा, मोठ्यान सांग, देवाकव आयकाक येवक व्हया." मग परत पहिल्यापासून, मोठ्याने.

म्हातारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वर मान करून मला न्याहाळलं.

"तू कोणाची गो?"

मी वडलांचं नाव, वाडी सांगितली.

"बापूस बरो माणूस. तू अशी कशी?" मग मानकऱ्यांकडे वळून म्हणाली, "गाऱ्हाणा झाला मां? देवान आयकला मां? मग आता फोटो परत कित्याक काढूचो?"

मानकरी डोकं खाजवू लागले.

"आये," लोके हळू म्हणाले, "देवाक खोटा सांगून कसा चलात? जा काय आसा ता तेका कळांदे."

म्हातारीचा चेहरा पडला. कालपासूनचा आनंद माझ्या डोळ्यांदेखत तिच्या तोंडावरून उतरला. ती एवढंच म्हणाली, "अकरा वर्सां मी वर विमानाचो आवाज इलो काय काम टाकून भायर धावतंय." मला त्या क्षणी वाटलं, गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? कोणालाही कळलं नसतं. पण फिल्म माझ्या पिशवीत होती आणि तिच्या दोन दोन रेघा मला पाठ झाल्या होत्या.

सोमवारी सकाळी, टपाल जायच्या आधी, लोके मालवणात हजर. आईही बरोबर. एक्स-रेच्या खोलीच्या दाराबाहेर स्टूल घेऊन बसली, माझ्यावर पहारा ठेवल्यासारखी.

या वेळी उशी दिली. दोनदा तपासली. मशीनचा डोळा मोडलेल्या मणक्यावर आणला, पेनने पाठीवर खूण केली. फोटो आला. कडा एकेक रेघेच्या. डॉक्टरांनी मोजलं. सहा मिलिमीटर. जुना आणि नवा एकावर एक ठेवले तर जुळले.

लोक्यांनी खिशातून पत्र काढलं, बघितलं, परत ठेवलं. फाडलं नाही. "आणि मुंग्या?" ते म्हणाले. "कणा तसाच, तर मुंग्या कसल्या? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय हे पत्र रद्द होत नाही."

डॉक्टरांनी पाय वर उचलून बघितला, मोज्याच्या वर पोटरीला टाचणी टोचून बघितली, गुडघ्यावर हातोडी मारली. काही सापडेना. "घाल बूट," ते वैतागून म्हणाले.

लोके वाकले आणि नाड्या आवळू लागले. मी समोर फिल्म पुसत उभी होते. त्यांची बोटं पांढरी पडेपर्यंत त्यांनी नाडी ओढली. एक गाठ. परत ओढली. दुसरी गाठ. डाव्या पायाची तर दात आवळून. आणि मला शनिवारचा तो वळ आठवला.

"एवढी घट्ट?" मी विचारलं.

"सवय," ते म्हणाले.

"कसली?"

त्यांनी गाठीवर बोट ठेवलं. "पकडल्यावर पट्टा आणि बुटांच्या नाड्या काढून घेतात. कैद्याने गळफास लावून घेऊ नये, पळू नये म्हणून. वर्षभर बिननाडीचे बूट फटक फटक वाजवत चाललो. संडासला जाताना एक पाय बुटात, एक बाहेर. पहारेकरी हसायचे. मारलं त्याचं एवढं काही वाटलं नाही मला. परत आलो तेव्हा सरहद्दीवर आमच्या माणसांनी पहिल्यांदा नाड्या दिल्या. त्या दिवशी जी बांधली..." त्यांनी दुसऱ्या बुटाची गाठ ओढून बघितली. मग हसून म्हणाले, "हे बूट मार्चमध्ये घेतले. जरा कडक आहेत, म्हणून आणखी आवळतो."

मार्च, एप्रिल, मे. मुंग्या दोन महिन्यांच्या.

"सर," मी डॉक्टरांना म्हटलं, आणि या वेळी आवाजात अजिबात ऐट नव्हती, "यांच्या पावलावर वळ आहे. मी शनिवारीच बघितला होता."

डॉक्टरांनी बूट परत काढायला लावले, या वेळी मोजेही. पावलाच्या वरून एक बारीक नस अंगठ्याकडे जाते. ती कातडीच्या अगदी जवळ असते. डॉक्टरांनी बोटाने वळावर दाबलं.

"आयला!" विंग कमांडर टेबलावर उडाले. "ह्योच! ह्योच मुंग्यो!"

दारातून आईने डोकं आत घातलं. "काय झाला रे?"

"काकू," डॉक्टर म्हणाले, "हेका आठ दिवस वहाणा घालूक लावा."

आठ दिवस विंग कमांडर मिठबावात चामड्याच्या सैल वहाणा घालून फिरले. चौथ्या दिवशी मुंग्या कमी झाल्या, आठव्या दिवशी गेल्या. तेव्हा त्यांनी पत्र फाडलं. ही बातमी द्यायला ते स्वतः आले आणि मला रायवळ आंब्यांची पाटी देऊन गेले. मी म्हटलं, "हापूस नाहीत?" ते म्हणाले, "हापूस सरळ फोटोचे. तिरक्या फोटोचे रायवळ."

जूनमध्ये कार्ड आलं. बोर्डाला त्यांनी सगळं आपणहून सांगितलं होतं, मुंग्या, वळ, नाड्या. तिथल्या डॉक्टरांनी त्यांचे फोटो काढले, माझ्या दुसऱ्या फोटोशी जुळले. खाली एकच ओळ: "फिट. बूट एक नंबर मोठे."

पुढची काही वर्षं ते उडत राहिले. मग रिटायर होऊन मिठबावला आंब्याच्या बागेत आले. जत्रेत म्हातारी भेटायची. मला हाताला धरून शेजारणींना दाखवायची, "हीच ती! माज्या झिलाक परत वर धाडलल्यान." मुलगा कायमचा घरी आल्यावर भेटली तेव्हा मी म्हटलं, "काकू, झालं ना शेवटी तुमच्या मनासारखं? पावलं जमिनीवर आली."

"देवान आयकला गो," ती म्हणाली. "तुज्या पायी उशीर झालो."

पुढे तीस वर्षं मी ही नोकरी केली. हाताखाली शिकायला मुली आल्या, मशीनं बदलली, काळोखी खोली गेली, बोंबील गेले. प्रत्येक नव्या मुलीला मी पहिल्या दिवशी कमरेखाली उशी कशी द्यायची ते शिकवायची. आणि दुसरी गोष्ट सांगायची: पेशंटला बूट काढायला सांगितलेत, तर फोटो काढायच्या आधी एकदा पायाकडेही बघा.